शिक्षक अतिरिक्त ठरतो तेव्हा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेले भाषण)



भाद्रपद सरू लागला की खेडोपाडीच्या शाळांतून एक निराळीच चिंता डोकावू लागते. ३० सप्टेंबरचा पट जवळ आलेला असतो. शेतकऱ्याने नक्षत्रे मोजावीत त्याप्रमाणे शिक्षक हजेरीपटावरील नावे मोजू लागतो. कोणाचे बिऱ्हाड ऊसतोडीला निघणार, कोणाचा मुलगा तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जाणार, कोणाच्या दाखल्याची मागणी आली आहे, या बातम्यांना त्या दिवसांत एरवी नसलेले महत्त्व येते. कारण या पटावरून संचमान्यता होते, संचमान्यतेवरून पदे ठरतात आणि पदांच्या गणितात जो उरतो त्याच्या नावापुढे ‘अतिरिक्त’ हा शब्द लागतो. हा शब्द प्रत्यक्षात लागण्यापूर्वीच कित्येक महिने तो शिक्षकाच्या मनाला लागलेला असतो. त्या काळात शिक्षकाने काय समजून घ्यावे आणि कसे वागावे, हा या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या शब्दाचाच विचार केला पाहिजे. ‘अतिरिक्त’ म्हणजे मोजून उरलेला. तो मोजमापाचा शब्द आहे, गुणदोषाचा नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत इयत्ता पहिली ते पाचवीसाठी प्रमाण दिलेले आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार आणि १२१ ते २०० मुलांना पाच शिक्षक, असे ते प्रमाण आहे. आता समजा, एका शाळेचा पट ९३ आहे. तेथे चार शिक्षक शिकवितात. दिवाळीपूर्वीच दोन कुटुंबे गाव सोडून गेली, त्यांची पाच मुले गेली आणि पट ८८ वर आला. त्याबरोबर चौथे पद गेले. या घटनेत कोणत्या शिक्षकाचे अध्यापन बिघडले? कोणाची तासिका चुकली? काहीही झाले नाही. उरलेली ८८ मुले पूर्वीइतकीच शिकत आहेत. बदलली ती केवळ बेरीज. प्रत्यक्ष पदे त्या त्या वर्षी लागू असलेल्या शासननिर्णयाप्रमाणे ठरतात आणि त्यातील आकडे वेळोवेळी बदलतात. परंतु आकडे कोणतेही असले तरी वरील तत्त्व बदलत नाही. अतिरिक्त ठरते ते पद होय. त्या पदावरील माणसाची लायकी त्या हिशोबात कोठेही मोजलेली नसते.

असे असता शिक्षक हा शब्द स्वतःच्या योग्यतेवरील ताशेरा समजून का बसतो? याचे कारण, पट का घटतो हे त्याच्यापुढे कोणी स्पष्ट मांडलेले नसते. गावात मात्र एकच कारण ऐकू येते, ते म्हणजे ‘मास्तर नीट शिकवीत नाहीत.’ क्वचित हा आक्षेप खरा असेल आणि तेथे शिक्षकाने आत्मपरीक्षण केलेच पाहिजे. पण मोठी कारणे निराळी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील स्त्रीमागे अपत्यांचे सरासरी प्रमाण १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होते, ते २०१९-२१ मध्ये १.७ वर आले. ज्या घरातून पूर्वी तीन पाट्या शाळेत येत, त्या घरातून आता एक किंवा दोन दप्तरे येतात. दुसरे कारण स्थलांतराचे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ झाली. अवघ्या राज्याची लोकसंख्या वाढत असता या दोन जिल्ह्यांत माणसेच कमी झाली. तेथील वाडीवस्तीच्या शाळेत मुले कमी झाली तर तो दोष फळ्यापुढे उभ्या असलेल्या शिक्षकाच्या माथी कसा मारता येईल? बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दरवर्षी निघणाऱ्या कुटुंबांची गोष्टही अशीच आहे. आणि तिसरे कारण इंग्रजी माध्यमाची ओढ. तिच्यामागे पालकांच्या आकांक्षा असतात, प्रतिष्ठेच्या कल्पना असतात आणि दाराशी येणारी पिवळी गाडीही असते. ही कारणे समजून घेतली म्हणजे चिंता संपते असे नाही. परंतु चिंतेत मिसळलेली अपराधीपणाची भावना तरी गळून पडते, आणि ती गळून पडल्यावाचून पुढचा विचार स्वच्छ होत नाही.

दुसरी गोष्ट, भीती नेमकी कशाची आहे हे प्रत्येकाने आपल्या स्थितीप्रमाणे ओळखावे. जिल्हा परिषदेच्या सेवेतील नियमित शिक्षक अतिरिक्त ठरला तर त्याचे समायोजन होते, म्हणजे जेथे पद रिक्त असेल तेथे त्याला पाठविले जाते. त्याची नोकरी जात नाही, शाळा जाते. खाजगी शाळेतील शिक्षकाची स्थिती थोडी वेगळी आहे. त्याच्या सेवाशर्ती १९७७ च्या अधिनियमाने व १९८१ च्या नियमावलीने ठरतात. वर्ग किंवा विद्यार्थी कमी झाल्यामुळे पद गेल्यास स्थायी कर्मचाऱ्यालाही तीन महिन्यांची नोटीस देऊन कमी करता येते, परंतु ते करताना सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठतेचे तत्त्व पाळावे लागते आणि अनुदानित शाळेतील अशा शिक्षकास अन्यत्र सामावून घेण्याची पद्धत आहे. तिसरा वर्ग मानधनावर किंवा कंत्राटी पद्धतीने काम करणाऱ्यांचा. त्यांच्या बाबतीत गोड शब्द बोलणे ही फसवणूक ठरेल. त्यांना वरील संरक्षण नाही. मुदत संपली की काम संपते. त्यांची भीती सर्वांत खरी आहे आणि म्हणून त्यांची तयारीही सर्वांत आधी सुरू झाली पाहिजे. या तिन्ही भीतींना एकच नाव देऊन सर्वांनी सारखेच घाबरणे, हे रोग न ओळखता औषध घेण्यासारखे आहे.

काम जाणे म्हणजे काय, याचा कठोर अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतील असंख्यांना पुन्हा कधीही गिरणीचा भोंगा ऐकून कामाला जाता आले नाही. कोकणातून, घाटावरून, सातारा-कोल्हापूरकडून गेलेली ही माणसे होती. त्यांच्या मनिऑर्डरीवर गावाकडची घरे चालत होती. त्या कामगाराला समायोजनाने दुसरी गिरणी मिळाली नाही. नियमित शिक्षकाने आपल्या अडचणीकडे पाहताना ही तुलना मनात ठेवावी. त्याची अडचण खोटी आहे असे मुळीच नाही. मुलांची शाळा, वृद्ध आईवडील, जोडीदाराची नोकरी, बांधलेले घर, हे सारे नव्या गावाच्या आदेशाने विस्कटते. पण विस्कटणे आणि नाहीसे होणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर ओळखणाऱ्याला धीर धरता येतो.

कामापासून माणसाला वेतनाखेरीज काय मिळते, याचा एक प्रसिद्ध अभ्यास झालेला आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारिएन्थाल नावाची एक वसाहत होती. सारे गाव एका सूतगिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स झायझेल या संशोधकांनी तेथे जाऊन पाहणी केली आणि १९३३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. कोणासही वाटेल की, रिकामा वेळ मिळाल्यावर माणसे अधिक वाचतील. झाले उलटेच. ग्रंथालयाची वर्गणी माफ केली असताही पुस्तके नेण्याचे प्रमाण दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. रस्त्यावरून चालणाऱ्या पुरुषांची चाल मंद झाली. दिवसभर काय केले, असे विचारता त्यांना धड सांगता येईना. स्त्रियांचा दिवस मात्र तितका कोलमडला नव्हता, कारण घरकामाने त्याला बांधून ठेवले होते.

याहोडाबाईंनी या विषयावर पुढे आयुष्यभर विचार केला आणि १९८२ च्या आपल्या ग्रंथात, काम माणसाला नकळत पाच गोष्टी देते, असे मांडले. दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून साधावयाच्या हेतूत वाटा, समाजात एक ओळख, आणि नियमाने करावयाची कृती. अतिरिक्त ठरण्याच्या भीतीने ग्रासलेल्या शिक्षकाने ही पाच नावे एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येकीपुढे, ‘समायोजन झाले तर ही जाईल काय?’ हा प्रश्न मांडावा. आखणी जात नाही, शाळेची घंटा सर्वत्र वाजते. कृती जात नाही. हेतू जात नाही, कारण नव्या गावातील मुलालाही वाचता यावयाचे आहे. जातो तो ओळखीचा सहवास आणि त्या गावात मिळविलेली ओळख. ‘गुरुजी’ म्हणून पारावर मिळणारा नमस्कार, बाईंच्या हाती लेकराला निःशंकपणे सोपविणारी आई, हे नव्या गावात पहिल्या दिवशी मिळत नाही. ती हानी खरी आहे. तिचे दुःख वाटणे स्वाभाविक आहे आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र पाचांपैकी दोन जाणार असता पाचही गेल्यासारखे हातपाय गाळणे योग्य नव्हे.

खेदाची बाब अशी की, जे समायोजनाने जात नाही ते पुष्कळदा भीतीने आधीच जाते. यादी लागण्यास अजून चार महिने असतात, पण शिक्षक मनाने गाव सोडून गेलेला असतो. ‘आता राहावयाचे तरी किती दिवस’ असे म्हणून तो भिंतीवरचा तक्ता बदलत नाही, मागे पडलेल्या मुलाला थांबवून घेत नाही, पालकाच्या घरी जाणे टाळतो. मधल्या सुट्टीत मोबाइलवर आलेली प्रत्येक अफवा वाचली जाते आणि पुढे पाठविली जाते. दुपारचा तास त्या अफवेच्या चर्चेत संपतो. शिक्षकाच्या सेवेत तीसबत्तीस वर्षे असतात, एखादे वर्ष वाया गेले तर त्याला ते भरून काढता येईल. पण पहिलीत बसलेल्या मुलाच्या वाट्याला पहिलीचे वर्ष एकदाच येते. त्या वर्षी जोडाक्षरापाशी अडखळलेले मूल पुढे चौथीपर्यंत अडखळत जाते. संचमान्यतेच्या गणितात त्या मुलाचा काहीही अपराध नाही. म्हणून भीतीच्या काळातही वर्गाचे दार उघडताना ती भीती बाहेर ठेवावी, हा शिक्षकाचा पहिला धर्म आहे. त्यात त्याचे स्वतःचेही हित आहे. मारिएन्थालमधील स्त्रियांचा दिवस कामाने सावरून धरला, तसाच शिक्षकाचा दिवसही वर्गातील कामानेच सावरला जातो.

आता प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट हिशोबाची. अफवेवर विसंबण्यापेक्षा शाळा सुरू झाल्यावर जुलै महिन्यातच मुख्याध्यापकाने सहकाऱ्यांसह बसून आपल्या शाळेचा हिशोब मांडावा. चालू शासननिर्णय मुळातून वाचावा, कोणीतरी काढलेला सारांश वाचू नये. आजचा पट किती, त्यांतील किती मुलांची आधार पडताळणी पूर्ण झाली आहे, किती मुलांच्या नावात किंवा जन्मतारखेत चूक आहे, याची यादी करावी. अलीकडच्या वर्षांत संचमान्यतेसाठी आधार पडताळणी झालेले विद्यार्थी मोजण्याकडे कल आहे. वर्गात रोज बसणारे मूल केवळ नावातील एका अक्षराच्या चुकीमुळे मोजणीतून सुटले आणि पद गेले, तर ती हळहळ टाळता येण्यासारखी होती असेच म्हणावे लागेल. ही चूक सप्टेंबरच्या अखेरीस नव्हे, तर जुलैत दुरुस्त होते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. प्रत्येक शिक्षकाने आपले सेवापुस्तक वर्षातून एकदा पाहावे. रुजू झाल्याची तारीख, वेतनवाढी, रजेचा हिशोब, वारसाचे नामनिर्देशन आणि शैक्षणिक अर्हता यांच्या नोंदी झाल्या आहेत काय ते तपासावे आणि दुय्यम प्रत अद्ययावत करून घ्यावी. सेवाज्येष्ठतेची तात्पुरती यादी प्रसिद्ध झाली की आपला क्रमांक वाचावा आणि चूक असल्यास ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवावी. मुदत उलटल्यावर चहाच्या टपरीवर नोंदविलेली हरकत कोणीही विचारात घेत नाही.

तिसरी गोष्ट घरखर्चाची. शिक्षकांची पतसंस्था कर्ज सुलभपणे देते, हा जसा तिचा गुण तसाच मोह. यादीत नाव येण्याची शक्यता असता नवे मोठे कर्ज उचलू नये. नव्या गावी खोलीचे भाडे, जाण्यायेण्याचा खर्च व मुलांच्या शाळेचा बदल हे खर्च येतात आणि वेतनपत्रकाच्या फेरबदलात एखादा महिना पगार उशिरा होण्याचाही संभव असतो. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर आदेश हाती पडताना हात थरथरत नाही. आणि ही गोष्ट घरात सांगावी. बायकोला, नवऱ्याला, कर्त्या मुलाला ती ठाऊक असावी. एकट्याने वाहिलेली काळजी दुप्पट जड होते.

चौथी गोष्ट सचोटीची आणि ती सर्वांत नाजूक आहे. पद वाचविण्यासाठी पटावर खोटे नाव चढविण्याचा मोह होतो. ‘दोनच नावे तर आहेत, कोणाचे काय बिघडते?’ असे मन सांगते. महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत सर्व शाळांची एकाच वेळी पटपडताळणी का करावी लागली, हे शिक्षकांना ठाऊक आहे. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून त्या वेळी मुलांच्या बोटांना शाई लावावी लागली. ज्या शिक्षकांनी कधीही खोटी नोंद केली नव्हती त्यांनाही त्या संशयाच्या शाईचा डाग सोसावा लागला. खोट्या नावाने वाचलेले पद मुलांना खरे बोलावयास शिकवू शकत नाही. शेजारच्या शाळेतील मुले गोड बोलून ओढून आणणे हाही उपाय नव्हे, कारण त्यामुळे एका शिक्षकाऐवजी दुसरा शिक्षक अतिरिक्त ठरतो एवढेच. खरा उपाय कष्टाचा आहे. वीटभट्टीवर, मेंढवाड्यात, उसाच्या फडावर, बाजारातील पालांत जी मुले आजही शाळेबाहेर आहेत, त्यांना शोधून वर्गात आणणे आणि टिकविणे. पालक स्थलांतराला निघाले तर मुलाला आजीआजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येईल काय, याचा विचार निघण्याच्या दिवशी नव्हे, तर पोळ्यानंतर लगेच त्यांच्याबरोबर बसून करावा. एवढे करूनही पद वाचेलच असे नाही. पण एक मूल शिकले, ही जमेची बाजू कोणत्याही संचमान्यतेने वजा होत नाही.

पाचवी गोष्ट सहकाऱ्यांची. दोनतीन शिक्षकांच्या शाळेत एकाचे पद जाणार असे दिसू लागले की मने दुरावतात. ज्येष्ठाला वाटते, धाकट्याने आपणहून जावे. धाकट्याला वाटते, ज्येष्ठाची निवृत्ती जवळ आहे, त्यांनी मन मोठे करावे. मग खडूच्या पेटीवरूनही शब्दाला शब्द लागतो. समजा, अशा एका शाळेत तरुण शिक्षिका विचारते, “गुरुजी, माझंच नाव निघणार ना?” त्यावर ‘बघू, अजून कुठे काय झालंय’ असे म्हणून वेळ मारून नेणारे मुख्याध्यापक तिला आधार देत नाहीत, अधिक अंधारात ढकलतात. “बाई, या, आपण दोघं मिळून हिशोब मांडू. नाव निघालंच तर समुपदेशनाच्या दिवशी रिक्त जागांची यादी घेऊन मी तुमच्यासोबत येतो,” असे म्हणणारे मुख्याध्यापक शाळा सांभाळतात. निर्णय नियमाने होतो. परंतु निर्णयापर्यंतचे दिवस माणसांनी एकमेकांशी कसे काढावेत, हे नियमात लिहिलेले नसते. ते माणसांनीच ठरवावयाचे असते.

सहावी गोष्ट तयारीची. जो शिक्षक अधिक ठिकाणी उपयोगी पडू शकतो त्याला निवडीला अधिक जागा असतात. सहावी ते आठवीसाठी अधिनियमात विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा असे विषयवार शिक्षक सांगितले आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी पदवीचे राहिलेले शिक्षण पूर्ण करावे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असे म्हटले. या बाबतीत नंतर निघणारे आदेश प्रत्येकाने स्वतः पाहावेत. पटाची घट शिक्षकाच्या हाती नसते, पण परीक्षेचा अभ्यास त्याच्या हाती असतो. जे हाती आहे ते पुढे ढकलून जे हाती नाही त्याची काळजी करीत बसणे शहाणपणाचे नव्हे. याखेरीज बहुवर्ग अध्यापनाचा चांगला सराव करावा. समायोजन पुष्कळदा लहान शाळेत होते आणि तेथे एका खोलीत तीन इयत्ता एकाच वेळी बसलेल्या असतात. जिल्ह्याच्या ज्या भागात जावे लागण्याचा संभव आहे तेथील बोलीची ओळख करून घ्यावी. अमरावतीच्या सपाटीवरील शिक्षक मेळघाटात गेला तर पहिलीतील मूल कोरकू बोलत असते. ती मराठीची बोली नाही, मुंडा कुळातील स्वतंत्र भाषा आहे. पाणी, भाकरी, आई, ये, बस एवढे शब्द जरी शिक्षकाला त्या भाषेत आले तरी मुलाच्या डोळ्यांतील परकेपणा पहिल्या आठवड्यात ओसरतो.

अखेर आदेश आलाच, तर जाण्याचीही एक रीत आहे. जाणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलामागे चार ओळी लिहून ठेवाव्यात. कोणास दृष्टी कमी आहे, कोण हातच्याच्या वजाबाकीत चुकते, कोणाच्या घरी दिवा नाही, कोणास गाणे म्हणावयास सांगितले की ते खुलते. हे कोणत्याही प्रपत्रात मागितलेले नसते, म्हणून ते लिहिणे अधिक अगत्याचे आहे. दप्तर, साहित्य व ग्रंथालयाची यादी नीट सुपूर्द करावी. मुलांचा निरोप उघडपणे घ्यावा. एका सोमवारी बाई आल्याच नाहीत आणि कोणी काही सांगितले नाही, असे मुलांच्या वाट्याला येऊ नये.

आणि ज्या शाळेत असा शिक्षक येतो त्या शाळेचेही कर्तव्य आहे. ‘आमच्याकडे अतिरिक्त आलेत’ अशी त्याची ओळख करून देऊ नये. त्या शाळेत पद रिक्त होते, म्हणजे तेथील मुलांना शिक्षक नव्हता. त्यांच्या दृष्टीने येणारा मनुष्य उरलेला नव्हे, ज्याची ती मुले वाट पाहत होती तो शिक्षक होय. पहिल्याच परिपाठात त्याला मुलांपुढे उभे करावे, शाळा व्यवस्थापन समितीशी त्याची गाठ घालून द्यावी, राहण्याच्या खोलीची चौकशी करावी आणि अवघड वर्ग केवळ नवा म्हणून त्याच्या गळ्यात घालू नये. केंद्रप्रमुखांनी पहिल्या महिन्यात त्या शाळेस भेट द्यावी ती तपासणीसाठी नव्हे, तर विचारपूस करण्यासाठी.

बंधुभगिनींनो, पद हे शासनाने मोजून निर्माण केलेले असते आणि मोजूनच ते कमी होते. त्या मोजणीविषयी शिक्षकांचे म्हणणे असेल तर ते संघटनेमार्फत, निवेदनाने, योग्य त्या व्यासपीठावर अवश्य मांडावे. लहान वस्तीवरील मुलाला जवळची शाळा व पुरेसे शिक्षक मिळावेत हा त्याचा हक्क आहे आणि त्यासाठी बोलणे हा शिक्षकधर्मच आहे. पण ते बोलणे सुट्टीनंतरचे असावे. घंटा झाली की समोर बसलेल्या मुलांना शिकवावे. ती नऊ असोत वा नव्वद असोत, त्यांच्यापैकी एकही अतिरिक्त नाही.